सैल आणि मोकळं

उस्तादांनी हातात पाना घेतला तो पंचवीस मिनिटांनी. तोवर मामांच्या बुलेटला त्यांनी नुसते हात लावले होते. बोटांची टोकं, मूठ, एकदा तळवा, एकदा गुडघा. बराच वेळ तर तेही नाही, फक्त उकिडवं बसून बघणं. मी घड्याळ लावून होतो, कारण मला थंडी वाजत होती. झाशीतली भोगीची सकाळ. अंगणात धुकं उतरलेलं, आत मामींच्या भाकरीची थपथप, आणि बाहेर एक म्हातारा माणूस थंड गाडीसमोर बसून काहीच करत नाही.

दुसऱ्या दिवशी संक्रांत. बुंदेलखंडात तिला बुडकी म्हणतात, कारण त्या दिवशी नदीत बुडी मारायची असते. मामा दर बुडकीला ओरछ्याला जातात, बेतवेवर. सतरा-अठरा किलोमीटर, बुलेटवरून. आणि आदल्या दिवशी उस्ताद येऊन गाडी 'बघून' जातात. दुरुस्ती नाही, सर्व्हिसिंग नाही. कुठे काय सैल झालंय आणि कुठे काय वाजतंय, एवढंच बघायचं.

आपल्याकडे कवितेचं रसग्रहण होतं, गाण्याचं होतं, फार तर पुरणपोळीचं होतं. नट-बोल्ट तपासण्याचं होत नाही. पहिल्या वर्षी मीही कंटाळून आत चहा प्यायला गेलो होतो. हे चौथं वर्ष. आता मी खुर्ची टाकून बसतो, आणि उस्तादांनी एखादी जागा नुसती ओलांडली तरी ती का ओलांडली असेल याचा विचार करतो.

मामांचं घर जुन्या शहरात, तटाच्या आत. १७४२च्या सुमारास नारोशंकर इथे सुभेदार म्हणून आले, त्यांनी किल्ला वाढवला, गाव वाढवलं, दक्षिणेतून माणसं आणली. आपण त्या लोंढ्यात आलो की पुढे नेवाळकरांच्या अमदानीत, याबद्दल घरात दोन पक्ष आहेत आणि दोन्ही एकाच पंक्तीला जेवतात. मामांची मराठी अजून स्वच्छ आहे, मधूनच हिंदीचा खडा लागतो तेवढाच. उस्ताद बुंदेलीत बोलतात. 'होय'ला 'हओ' म्हणतात आणि 'का'ला 'काय'. त्यामुळे पहिल्या वर्षी त्यांनी विचारलेल्या निम्म्या प्रश्नांना मी भलतीच उत्तरं दिली.

नाव छापायचं नाही अशी त्यांची अट आहे. काम छापायला हरकत नाही. ते रेल्वेच्या वॅगन वर्कशॉपातून निवृत्त झाले. झाशीत हे वर्कशॉप १८९५पासून आहे, ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेच्या काळातलं. बाहेरच्यांना झाशी म्हटलं की राणी लक्ष्मीबाई आठवतात. गावातल्या कित्येक चुली मात्र सव्वाशे वर्षं रेल्वेवर पेटत आल्या आहेत. तिथे मालगाडीचे डबे येतात, खोलले जातात, पुन्हा रुळांवर जातात. उस्तादांची बोटं तिथेच तयार झाली. रिव्हेट घट्ट आहे की सैल हे डोळ्यांना सहसा कळत नाही. बोट असं टेकवायचं की निम्मं रिव्हेटच्या डोक्यावर आणि निम्मं पत्र्यावर येईल, मग हातोडीनं हलकी टिचकी मारायची. रिव्हेट घट्ट असेल तर तो आणि पत्रा एकजीव असतात, बोटाला एकच ठोका लागतो. सैल असेल तर बोटाखाली दोन वस्तू वेगवेगळ्या हलल्याचं कळतं. केसाएवढा फरक असतो, पण तो बोटाला कळतो. जुन्या वाचकांना फलाटावर लांब दांड्याची हातोडी घेऊन डब्यांची चाकं वाजवत जाणारा माणूस आठवत असेल. लहानपणी आपल्याला वाटायचं, हा उगाच ठोकत चाललाय. तो ऐकत चाललेला असायचा.

खरं म्हणजे हा कान आपल्या भाषेत आधीपासून आहे. खरं नाणं खणखणीत वाजतं, खोटं बद्द वाजतं. 'बद्द' या शब्दाला दुसरा शब्द नाही, आणि तो ऐकवल्याशिवाय समजावताही येत नाही. कुंभाराकडचा माठ आपण बोटाच्या पेराने वाजवून घेतो, नारळ कानाशी धरून खुळखुळवतो. खडखड वेगळी, खुळखुळ वेगळी, किणकिण वेगळी. खडखडणाऱ्या वस्तूला वजन असतं, खुळखुळणारी कशाच्या तरी आत असते, किणकिणणारी पातळ असते आणि एका टोकाला धरलेली असते. म्हणजे मराठी माणसानं आवाजाला नेमका शब्द लावला की निम्मं निदान झालेलंच असतं. उस्तादांना मराठी येत नाही. पण मी 'खुळखुळ' म्हणालो तेव्हा ते लगेच मान हलवून म्हणाले, "हओ, भीतर की चीज."

आता गाडी. सत्तरीच्या दशकातली, मद्रासच्या एनफिल्ड इंडियाची ३५०. एकच सिलिंडर, व्यास ७० मिलिमीटर, पिस्टनची धाव ९० मिलिमीटर, एकूण ३४६ सीसी. सगळं दुखणं या आकड्यांत आहे आणि सगळी गोडीही. एवढा मोठा पिस्टन एकटाच वर-खाली धावतो. त्याचा झोक मारायला क्रँकवर उलट्या बाजूला वजन असतं, पण ते गोल फिरतं आणि पिस्टन सरळ रेषेत धावतो. पिस्टनचा वर-खाली झोक पुरता मारायला जावं तर तेच वजन गाडीला पुढे-मागे हलवू लागतं. म्हणून थोडा मारायचा, थोडा राहू द्यायचा, असा सौदा कारखान्यानेच केलेला असतो. उरलेली थरथर चालवणाऱ्याच्या मनगटात, सीटमध्ये आणि प्रत्येक नटात उतरते. मिनिटाला तीन हजार फेऱ्या धरल्या तर सेकंदाला पन्नास हिसके. ओरछ्याला पोचेपर्यंत प्रत्येक नटाला लाखभर वेळा 'चल, निघ' असं सांगून झालेलं असतं.

नट मग निघतो कसा? आपली समजूत अशी की थरथरीनं तो आपोआप उलटा फिरतो. थोडं आत शिरावं लागतं. बोल्ट आवळला की तो किंचित ताणला जातो. तो एक फार ताठ स्प्रिंगच आहे, आणि दोन भागांना एकत्र धरतो तो त्या ताणामुळे. आट्यांमधलं घर्षण त्या ताणावर जगतं. गेरहार्ड युंकर या जर्मन अभियंत्यानं १९६९मध्ये दाखवून दिलं की बोल्टच्या लांबीच्या दिशेनं बसणाऱ्या हिसक्यांपेक्षा आडवे हिसके फार घातक. जोडलेले दोन भाग एकमेकांवर आडवे घसरू लागले की घर्षण क्षणभर मोकळं होतं आणि प्रत्येक घसरणीला नट उतारावरून तीळभर खाली येतो. म्हणजे नट सैल झाला म्हणून भाग हलू लागले असं क्वचित होतं. भाग आधी हलू लागतात. उस्तादांनी युंकरचं नाव ऐकलेलं नाही, पण नटाकडे बघण्याआधी ते तो नट ज्याला धरतो त्या वस्तूला आडवं ढकलून बघतात. मडगार्डला, नंबरप्लेटला, सायलेन्सरला. वरून दाबत नाहीत, आडवं ढकलतात. पहिल्या वर्षी मला ती खोड वाटली होती.

आता त्या पंचवीस मिनिटांकडे वळतो.

सुरुवात रंगानं होते. सैल नटाचा पहिला पुरावा बहुतेक वेळा कानाला मिळत नाही, डोळ्याला मिळतो. पोलादावर पोलाद सूक्ष्म घासलं की सांध्याच्या कडेला गेरूसारखी तांबूस पूड धरते. ॲल्युमिनियम असेल तर पूड काळपट. पावसाचा गंज वेगळा, तो सगळीकडे पसरतो. ही पूड नटाच्या पायाशीच, काजळ ओघळल्यासारखी असते. मागच्या मडगार्डच्या डाव्या पट्टीपाशी उस्ताद थांबले, बोट फिरवलं, मला दाखवलं. "जौ रो रओ," हा रडतोय. एरवी मी अशा उपमांना भुलत नाही, पण इथे ती उपमा नव्हती, वर्णन होतं. डाव्या बाजूचा नट रडत होता, उजव्याचे डोळे कोरडे होते.

त्याच्या शेजारी पिवळी रेघ. नट आणि त्याखालचा भाग यांच्यावरून एकच रंगाची रेघ ओढून ठेवायची, नट फिरला की रेघ मोडते. मोठ्या यंत्रांवर ही पद्धत सर्रास दिसते. मामांच्या बुलेटवर मात्र पिवळा रंग संपल्यानंतरच्या काही रेघा मामींच्या जुन्या नेलपॉलिशच्या आहेत, डाळिंबी. उस्ताद त्या रेघांवरून नजर फिरवतात ती हजेरी घेतल्यासारखी, आणि मोडलेली रेघ सापडली की तिच्यापाशी थांबतात. एरवी सगळीकडे थांबत नाहीत. सांगायला हवं की यात एक धोका आहे. रेघ सलग आहे याचा अर्थ नट फिरला नाही एवढाच. खालचा वायसर बसला असेल, रबर मेलं असेल, तर नट जागचा न हलताही ताण गेलेला असू शकतो. उस्तादांना हे ठाऊक आहे. म्हणून रबर असलेल्या जागांवर त्यांनी रेघा ओढलेल्याच नाहीत, तिथे ते हात लावतात. हे माझ्या लक्षात यायला तीन संक्रांती गेल्या.

मग गाडी डबल स्टँडवर. पुढचं चाक हवेत येण्यासाठी इंजिनाखाली लाकडाची गुट्टी. खिशातून एक रुपयाचं नाणं काढून उस्ताद चाक सावकाश फिरवत स्पोक वाजवतात. टण्, टण्, टण्, टण्, बद्. नाण्याला दगडावर वाजवून बघायचे दिवस गेले, आता नाणंच दुसऱ्याची परीक्षा घेतं. पण त्या एका 'बद्'वर त्यांनी निकाल दिला नाही. स्पोक एकमेकांवरून तिरपे जातात आणि छेदतात तिथे टेकलेले असतात. एक सैल असला की टेकलेल्या शेजाऱ्याचा आवाजही बद्द होतो. उस्तादांनी दोन बोटांनी ते दोघं किंचित वेगळे धरले आणि पुन्हा वाजवलं. एक सुटून टणटणला, दुसरा तसाच राहिला. संगतीनं बिघडलेला आणि मुळात बिघडलेला यांतला फरक इतक्या शांतपणे केलेला मी माणसांच्या बाबतीतही कमी पाहिला आहे.

यानंतर सगळ्या प्रयोगातली मला सर्वात आवडणारी जागा येते. हँडल.

उस्ताद समोर बसतात, फोर्कचे खालचे दोन पाय धरतात आणि पुढे-मागे ओढतात. हँडलच्या मुळाशी, गोळ्यांच्या वाट्यांत, जराही 'टक्' जाणवता कामा नये. 'टक्' आलं तर सैल. एवढं कुणीही करतं. मग ते उठतात, हँडल बरोबर मध्ये आणतात आणि एका बोटाने जेमतेम ढकलून सोडून देतात. हँडल स्वतःच्या वजनानं सावकाश एका बाजूला पडलं पाहिजे. मग दुसऱ्या बाजूला. मध्ये कुठे अडखळलं, मधल्या जागी खाचेत बसल्यासारखं थांबलं, तर कुणीतरी भीतीनं जास्त आवळून ठेवलंय, किंवा वाट्यांत खळगे पडलेत. तशी गाडी सरळ रस्त्यावरही लहान मुलासारखी झोकांड्या खात जाते.

हँडल डावीकडे पडलं, उजवीकडे पडलं. मी शहाणपणानं म्हणालो, "उस्ताद, ये तो ढीला है." त्यांनी माझ्याकडे पाहिलं, रागानं नव्हे, व्याकरण चुकलेल्या मुलाकडे मास्तर बघतात तसं. "जौ ढीलो नइयां. खुलो आय."

हे सैल नाही, मोकळं आहे.

मराठीत हे दोन शब्द आपण रोज वापरतो आणि ते सहसा एकमेकांच्या जागी जात नाहीत. अंगरखा सैल असतो, गळा मोकळा असतो. वेणी सैल पडते, केस मोकळे सोडतात. सैल म्हणजे धरायला हवं ते सुटलंय. मोकळं म्हणजे सोडायला हवं ते सुटं आहे. मोटरसायकल या दोन्हींनी भरलेली असते. साखळीला वर-खाली खेळ लागतो, नाहीतर चाक वर-खाली होताना ती ताणून गिअरबॉक्सच्या बेअरिंगला खाते. क्लचच्या तारेला थोडी ढील लागते, ब्रेकच्या पायडलला लागते. चाकाच्या बेअरिंगला लागत नाही, इंजिनाच्या पट्ट्यांना मुळीच लागत नाही. जिथे हलतंय तिथे आवळ, असा हिशोब ठेवणारा मेकॅनिक गाडी शांत करतो आणि मारतो. मी इतकी वर्षं हे बघणं 'काय सैल झालंय' याचा शोध समजत होतो. उस्ताद हात लावतात त्या निम्म्या जागा तर 'अजून मोकळं आहे ना' हे बघायच्या असतात.

किकचा विधी, ॲमीटरचा काटा, डीकम्प्रेसर, यावर बुलेटवाल्यांनी इतकं लिहिलंय की मी तो गाळतो. दुसऱ्या किकेला गाडी चालू झाली.

आणि लगेच खुळखुळ. मंद चालीत नाही, थोडी मूठ पिळली की यायची, अजून पिळली की नाहीशी. प्रत्येक पत्र्याला, प्रत्येक पट्टीला स्वतःचा एक कंप असतो. इंजिनाची थरथर वाढत वाढत बरोबर त्या पट्टीला आली की ती वस्तू नाचू लागते, पट्टी ओलांडली की बसते. म्हणून थ्रॉटल फुरफुर करून आवाज शोधणारे तो ओलांडून जातात. उस्ताद मूठ फिरवतात ती दुधावर लक्ष ठेवून गॅस वाढवावा तशी. आवाज आला की तिथेच धरतात. मग डावा हात मोकळा होतो आणि एकेक वस्तूवर जाऊन बसतो. हेडलाईटच्या कड्यावर. हॉर्नवर. नंबरप्लेटवर. टाकीच्या पुढच्या टोकावर. हात ठेवायचा, ऐकायचं, उचलायचा. आवाज शोधण्याची ही रीत मला फार सभ्य वाटते. कोण बोलतंय असं विचारायचं नाही. एकेकाच्या खांद्यावर हात ठेवायचा आणि कोण गप्प होतं ते बघायचं.

टूलबॉक्सच्या झाकणावर हात ठेवल्याबरोबर खुळखुळ थांबली. मामा सरसावले, "बिजागरी गेली असेल." उस्तादांनी झाकण उघडलं. बिजागरी ठीक, बोल्ट ठीक, डाळिंबी रेघ सलग. आत मामांचे पाने. ज्या फडक्यात ते गुंडाळलेले असतात ते फाटलं होतं आणि पाने एकमेकांवर वाजत होते. नट आवळायची हत्यारंच खुळखुळत होती. मामींनी जुन्या लुगड्याचा तुकडा आणून दिला. मामा चहा सांगायला आत गेले.

त्या पान्यांबद्दल थोडं सांगायलाच हवं, कारण तिथे एक अख्खा इतिहास फडक्यात बांधलेला आहे. ही गाडी मूळची इंग्लंडमधल्या रेडिचची. रेडिच म्हणजे सुया बनवणारं गाव, आणि रॉयल एनफिल्डचं मूळ घराणंही सुया करणाऱ्यांचंच. बुलेट हे नाव १९३२चं, आणि १९५५मध्ये मद्रासला एनफिल्ड इंडिया सुरू झाली. तिकडे कारखाना बंद पडला, इकडे तोच साचा पन्नासेक वर्षं चालला. त्यामुळे आटेही आले ते इंग्रजी. जोसेफ व्हिटवर्थनं १८४१मध्ये आट्यांचा कोन ५५ अंश ठरवून दिला, तो एक. सायकलचे बारीक आटे दुसरे. मग हळूहळू शिरलेले मेट्रिक, ६० अंशांचे. एका गाडीवर तीन पिढ्या. व्हिटवर्थच्या पान्यावर लिहिलेला आकडा नटाच्या तोंडाचा नसतो, बोल्टच्या जाडीचा असतो, हे ठाऊक नसलेला माणूस जवळपास बसणारा मेट्रिक पाना लावतो, तो थोडा सैल बसतो, नटाचे कोपरे झिजतात आणि नट गोल होतो. उस्ताद आकडे वाचतच नाहीत. ते सूत मोजतात. आठ सूत म्हणजे एक इंच. "तीन सूत देओ," म्हणत हात मागे करतात, आणि मी चुकीचा पाना दिला तर न बघता वजनावरून परत करतात.

तर सव्वीसाव्या मिनिटाला पाना. एकूण किती नट आवळले? चार. मडगार्डचा रडणारा, स्पोकचा एक निपल, इंजिनाचं डोकं फ्रेमला बांधणाऱ्या पट्टीचा एक, आणि सायलेन्सरचा मागचा. एवढ्या मोठ्या गाडीत चार. एखादा उत्साही मेकॅनिक असता तर त्यानं चाळीस आवळले असते आणि मामांना पैशांचं समाधान मिळालं असतं. गाळण्याची ही ताकद मला उस्तादांच्या कामात सगळ्यात मोठी वाटते. प्रत्येक वेळी आवळलेल्या नटाचे आटे थोडे थोडे मरतात, ॲल्युमिनियममध्ये तर लवकरच. मराठीत आवळणं आणि पिळणं यांत जे अंतर आहे ते पान्याच्या दांड्यावर हात कुठे धरला यावर ठरतं. उस्ताद टोकाला धरत नाहीत, आखूड धरतात, मनगटानं. आणि शेवटी जिथे नट 'बसला' असं वाटतं तिथून पुढे जात नाहीत. पान्याला लावलेल्या जोरातला जेमतेम दहावा हिस्सा बोल्ट ताणायला जातो. बाकी नव्वद टक्के नटाच्या पायाशी आणि आट्यांत घासण्यात खर्च होतात. म्हणून आट्यांना तेल लागलंय की धूळ, यावर तोच जोर कमी की जास्त हे ठरतं. उस्ताद नट पूर्ण काढून आटे पुसतात, मगच आवळतात. चारही वेळा. इथे घाई नव्हती.

टॅपेटचं झाकण एकाच नटावर असतं, ते त्यांनी शेवटी उघडलं, इंजिन पार गार झाल्यावर. मध्ये भोगीची भाजी, तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि लोणी झालं होतं. दोन पुशरॉड. एकेक दोन बोटांत धरून फिरवला. अडथळ्याशिवाय फिरला पाहिजे, पण वर-खाली हललेला जाणवता कामा नये. पुन्हा तेच, सैल नको, मोकळा हवा. एग्झॉस्टचा त्यांनी किंचित जास्त मोकळा ठेवला, कारण ती बाजू जास्त तापते. मामांनी विचारलं, "आवाज थोडा कमी नाही होणार?" उस्ताद नाही म्हणाले. टॅपेट बोलले पाहिजेत. शांत टॅपेट म्हणजे व्हॉल्व्ह पुरता मिटत नाही आणि जळतो. शिलाई मशीनसारखी ती टिकटिक गाडीच्या तब्येतीची खूण आहे. ती घालवण्यासाठी पैसे देणारी गिऱ्हाईकं असतात आणि पैसे घेऊन ती घालवणारे मेकॅनिकही असतात.

दोष दाखवल्याशिवाय रसग्रहण म्हणजे सत्काराचं भाषण होतं, म्हणून दोन तक्रारी. उस्तादांचा स्प्रिंग वायसरवर आंधळा विश्वास आहे. युंकरच्या धर्तीच्या आडव्या हिसक्यांच्या चाचण्यांत हा कापलेला वायसर फारसा उपयोगी ठरत नाही. नट ताणात असतो तेव्हा तो सपाट होऊन पडलेला असतो, आणि ताण गेल्यावर त्याच्या जोरावर काही धरत नाही. मी हे सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि मडगार्डखाली नवा स्प्रिंग वायसर घातला. दुसरी तक्रार टॉर्क रेंचची. मडगार्डला मनगट पुरेसं आहे, सिलिंडरच्या हेडला नाही. तिथे सगळे नट सारख्या ताणात हवेत, आणि माणसाचं मनगट सकाळी एक असतं, दुपारी दुसरं. यावर ते म्हणाले की हेड त्यांनी आज उघडलंच नाही. खरं होतं. पण हे उत्तर नाही, आणि ते त्यांनाही ठाऊक असावं, कारण त्यानंतर त्यांनी भाकरी दुसऱ्यांदा घेतली.

स्प्लिट पिनबाबत मात्र मी त्यांच्यापुढे हात जोडतो. मागच्या चाकाच्या दांड्याची पिन काढली की ती सरळ करून पुन्हा घालायची नाही. फेकायची. नवी पिन दोन-तीन रुपयांची. अनेक नामांकित हातांना हा मोह आवरत नाही.

संक्रांतीला सकाळी मी मामांच्या मागे बसलो. मामी आल्या नाहीत, संध्याकाळच्या हळदीकुंकवाची तयारी होती. धुकं होतं, मामा पन्नासच्या वर जात नव्हते. शहर सुटलं, रस्ता मोकळा झाला, आणि बरोबर त्या चालीला डावीकडून किणकिण सुरू झाली. पातळ, बारीक, हट्टी. मी कबूल करतो की मला आनंद झाला. उस्तादांचं काहीतरी हुकलं होतं, आणि ते मला सापडणार होतं.

ओरछ्याला बेतवेच्या काठी, छत्र्यांच्या बाजूला, मामा कपडे काढून नदीत उतरले. ज्या वीरसिंहदेवानं झाशीचा किल्ला बांधला त्याची छत्री धुक्यातून हळूहळू दिसू लागली होती. मी गाडीशेजारी उकिडवं बसलो. पूड बघितली, नव्हती. रेघा बघितल्या, सलग. आडवं ढकललं, काही हललं नाही. मग साडीगार्डशी पोचलो. मागे एका बाजूला बसणाऱ्या बाईनं पाय ठेवायची छोटी पत्र्याची पट्टी असते, बिजागरीवर उघडमीट होणारी. बोटानं उचलली, सोडली. किण्.

मामा ओल्या अंगानं, थंडीनं कुडकुडत आले. मी सांगितलं, "मामा, हे उस्तादांनी बघितलंच नाही. बिजागरी आवळायला हवी."

"अरे, आवळली तर ती मिटणार कशी?" मामा टॉवेल शोधत म्हणाले. "तुझी मामी बसली की वाजत नाही ती."

परतताना मी डावा पाय माझ्या फूटरेस्टवरून उचलून मागे नेला आणि त्या पट्टीवर दाबून धरला. किणकिण थांबली. टॅपेटची टिकटिक ऐकू येऊ लागली, सायलेन्सरचे ठोके सुटे सुटे मोजता येऊ लागले. पाय वाकडा, गुडघा बाहेर, तरी मी तसाच धरून ठेवला. झाशीचा किल्ला दिसायला लागला तेव्हा पोटरीत गोळा आला, मी पाय उचलला, आणि ती पुन्हा बोलायला लागली.